भावाच्या बाइकला राँग साइडच्या टेम्पोने उडवलं, मालक ६० हजारात मिटवा म्हणतोय, काय करावं?

मेघना_हडपसर

नमस्कार मंडळी. खूप दिवस नुसतं वाचत होते, आज स्वतःच विचारायची वेळ आलीय. जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा प्लीज.

माझा धाकटा भाऊ, वय २९, पुण्यात एसी रिपेअर आणि इन्स्टॉलेशनची कामं करतो, स्वतःचाच धंदा, दुकान वगैरे नाही, फोनवर कामं येतात. गेल्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी बाइकवरून गावाला चालला होता, मागे आमचा आतेभाऊ बसलेला. सातारा जिल्ह्याच्या हद्दीत हायवेच्या सर्व्हिस रोडवर समोरून राँग साइडने एक टेम्पो आला, लांबच्या कटपर्यंत जायला नको म्हणून घुसला असणार, आणि सरळ बाइकवर. आतेभाऊ बाजूला फेकला गेला, त्याला हनुवटीला सहा टाके पडले. भावाचा डावा पाय टेम्पोच्या बंपरखाली. नडगीची दोन्ही हाडं मोडली, एक हाड तर बाहेर आलेलं. ऑपरेशन करून रॉड टाकलाय, डॉक्टर म्हणतात सहा महिने तरी शिडीबिडीचं नाव काढायचं नाही, नंतरही पाय आधीसारखा वाकेल की नाही सांगता येत नाही. आता एसीवाल्याला शिडी नको म्हणजे काय, कामच नको.

दवाखान्याचं बिल २ लाख ३५ हजार झालं. त्यातले १ लाख ४० हजार मेडिक्लेममधून मिळाले, बाकीचे आम्ही भरले.

आता खरा घोळ सांगते. ज्या माणसाने भावाला गाडीत घालून पहिल्या दवाखान्यात नेलं (देव भलं करो त्याचं) त्याने घाईत काउंटरवर "बाइकवरून पडलाय" एवढंच सांगितलं, आणि केसपेपरवर तेच लिहिलं गेलं, की बाइक स्लिप होऊन पडला. भाऊ तेव्हा शुद्धीवर होता पण बोलायच्या स्थितीत नव्हता. पुण्यात आणल्यावर इथल्या पेपरवर मात्र टेम्पोची धडक असं आलंय. पोलिसांनी नुसती डायरीत नोंद केली, अजून एफआयआर नाही. आम्ही दोनदा जाऊन आलो, तिथले हवालदार म्हणाले कशाला कोर्टकचेरीच्या भानगडीत पडता, पोरगा वाचला ना, मिटवून घ्या.

टेम्पोचा मालक पण घरी येऊन गेला. दोन किलो सफरचंदं घेऊन आला होता. ६० हजार रोख देतो म्हणतो, स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं की आमची काही तक्रार नाही. आमचे बाबा त्याच्याकडे बघून विरघळले, म्हणतात हातावर पोट असलेला माणूस आहे, त्याचा टेम्पो अडकला तर घर बसेल त्याचं, आपल्याला कुणाचे तळतळाट नकोत. मला पण तो वाईट माणूस वाटला नाही खरं सांगायचं तर. पण भाऊ सहा महिने घरी, वहिनीला आठवा महिना चालू आहे, ६० हजारात काय होतं?

अजून एक, भावाने हेल्मेट घातलं नव्हतं. मालक तेच ऐकवून गेला की हेल्मेट नाही म्हणजे तुम्हाला कोर्टात एक रुपया मिळणार नाही. खरं आहे का हे? आणि भावाकडे उत्पन्नाचा काही पुरावा नाही, रिटर्न वगैरे कधी भरलेलं नाही. लायसन्स मात्र आहे आणि गाडीचा इन्शुरन्स पण चालू आहे.

---

गप्प_बसा_राव

ताई कडू लागेल पण सांगतो. साठचे ऐंशी करून घ्या आणि मोकळे व्हा. माझ्या चुलत्याची केस सहा वर्षं चालली, तारीख पे तारीख, वकील दर वेळी "पुढच्या तारखेला होईल" म्हणायचा, शेवटी लोकअदालतमध्ये जे मिळालं त्यातनं निम्मं वकिलानेच नेलं. कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये हे उगाच नाही म्हणत.

---

रॉडवाला_सोलापूर

@गप्प_बसा_राव राव तुमचा अनुभव खरा असेल पण असा सल्ला देऊ नका हो, निम्मे पैसे वकिलाने नेले यात कोर्टाचा काय दोष.

मेघनाताई, माझ्या पण पायात रॉड आहे. २०२१ ला कारवाल्याने वळताना इंडिकेटर न देता उडवलं होतं. साडेतीन वर्षं लागली, पण जे मिळालं ते सुरुवातीला कारवाला देत होता त्याच्या चौदा पट होतं, वर दावा दाखल केल्यापासूनचं व्याज. म्हणून माझ्या काय चुका झाल्या तेवढ्या सांगतो, तुम्ही करू नका.

पहिली चूक, बिलं. मेडिकलची बिलं मी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवली होती, ती कागदं अशी असतात की वर्षाने शाई उडून कोरी होतात. माझी जवळजवळ ३० हजारांची बिलं अशी पांढरी झाली. आजच्या आज सगळ्याच्या झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो. रिक्षाने ड्रेसिंगला गेलात ते सुद्धा वहीत तारखेनिशी लिहा.

दुसरी चूक, फिजिओथेरपी. मी घरी यायला एक पोरगा लावला, रोज ३०० रुपये रोख, एकही पावती नाही. कोर्टात सांगितलं तर समोरचा वकील हसला.

तिसरी, अपंगत्वाच्या दाखल्याचा वेडेपणा. मी ऑपरेशन झाल्यावर चौथ्याच महिन्यात दाखला काढायला पळालो. ते म्हणाले अजून हाड जुळतंय, नंतर या. परत गेलोच नाही, शेवटी दोन वर्षांनी काढला, तोपर्यंत ऑपरेशन करणारे डॉक्टर दवाखाना सोडून दुसऱ्या गावाला गेलेले, त्यांना साक्षीला आणायला आठ महिने गेले. नुसता दाखला देऊन चालत नाही, डॉक्टरला कोर्टात येऊन सांगावं लागतं की हे अपंगत्व कशामुळे आणि त्याने काम कसं अडतं. तर तुमच्या डॉक्टरांना आत्ताच प्रेमाने विचारून ठेवा की साहेब वेळ आली तर याल ना.

आणि सफरचंदांचं म्हणाल तर माझ्याकडे पेढे आले होते.

---

नुसता_वकील

मी पुणे जिल्ह्यात याच प्रकारच्या केसेस करतो. नाव-नंबर देणार नाही, इथे धंदा करायला आलेलो नाही, पण थोडं सविस्तर लिहितो कारण रोज हेच प्रश्न येतात आणि लोक पहिल्या महिन्यातच माती खातात.

सगळ्यात आधी तुमच्या वडिलांसाठी. काकांना सांगा की हे पैसे त्या टेम्पोवाल्याच्या खिशातून जात नाहीत. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने सक्तीचा आहे तो नेमका यासाठीच. दाव्यात ड्रायव्हर, मालक आणि इन्शुरन्स कंपनी असे तिघे असतात, आणि पॉलिसी चालू असेल तर पैसे कंपनी भरते. त्या माणसाने वर्षानुवर्षं हप्ता भरलाय तो अशाच दिवसासाठी. उलट तुम्ही ६० हजार घेतले तर ते मात्र खरंच त्याच्या खिशातून जातील! म्हणजे तळतळाट लागायचाच असेल तर मिटवून लागेल. त्याला भीती आहे ती पोलीस केसची आणि टेम्पो स्टेशनला उभा राहण्याची, ती समजण्यासारखी आहे, पण टेम्पो तपासणी झाली की सुटतो.

स्टॅम्प पेपरवर काहीही लिहून देऊ नका. असले कागद मी पाहिलेत, त्यात मधेच एक ओळ असते की "सदर अपघात माझ्या चुकीने झाला असून टेम्पोचा काही संबंध नाही". सही झाली की इन्शुरन्सचा वकील तेच घेऊन नाचतो.

एफआयआर. हे या आठवड्यात करा. टेम्पोवाला राँग साइडने आला आणि हाड मोडलं, म्हणजे भारतीय न्याय संहितेत बेदरकार ड्रायव्हिंगचं कलम २८१ आणि गंभीर दुखापतीचं १२५ लागतं. फ्रॅक्चर ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. हवालदार घेत नसेल तर पूर्ण हकिगत लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) मध्ये तशी सोयच आहे, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. माझा अनुभव असा की पोस्टाची पावती व्हॉट्सॲपवर पाठवली की दोन दिवसांत फोन येतो, "या ना, जबाब घेऊ". पोलिसांवर आता तसंही बंधन आहे, अपघाताचा पहिला रिपोर्ट ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (हे दावे चालवणारं कोर्ट) आणि इन्शुरन्स कंपनीकडे जायला हवा. २०२२ च्या नियमांत ते आलंय, त्याचा उल्लेख अर्जात करा.

केसपेपरवरचं "स्लिप होऊन पडला" हे तुमचं सगळ्यात मोठं दुखणं आहे, हेल्मेट नाही. इन्शुरन्स कंपनी म्हणणार की हा आपोआप पडला, टेम्पो नंतर घुसवला, आणि असे खोटे दावे होतात त्यामुळे कोर्ट पण संशयाने बघतं. याला औषध एकच, त्याच काळातले दुसरे पुरावे. आतेभाऊ मागे बसला होता तो पहिला साक्षीदार. ज्यांनी दवाखान्यात नेलं ते दुसरे, त्यांना शोधा आणि सांगा की मदत करणाऱ्याला आता पोलीस नाव-पत्ता द्यायची किंवा साक्षीदार व्हायची जबरदस्ती करू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ए, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, स्वखुशीने दोन ओळींचा जबाब दिला तरी पुरे. पुण्यातल्या दवाखान्याच्या पेपरवर टेम्पो लिहिलंय ते फार कामाचं आहे. बाइक अजून दुरुस्त केली नसेल तर करू नका, समोरून ठोकलेली आणि घसरलेली गाडी यात फरक दिसतो, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आणि आसपास धाबा, पेट्रोल पंप, टोलनाका काही असेल तर सीसीटीव्ही. महिना झालाय म्हणजे बहुतेक पुसलं गेलं असेल पण विचारून बघा, कधीकधी धाबेवाल्याने स्वतःच्या मोबाइलवर गंमत म्हणून शूट करून ठेवलेलं असतं.

हेल्मेट. मालक खोटं बोलतोय किंवा त्याला कुणी चुकीचं सांगितलंय. हेल्मेट नसणं हा दंडाचा गुन्हा आहे, पण हेल्मेट नसल्यामुळे अपघात झाला का? टेम्पो राँग साइडने आला म्हणून झाला. आणि मार पायाला आहे. डोक्याला मार असता तर काही कोर्टांनी थोडी रक्कम कापलेली आहे, तिथे वाद होतो. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ट्रिपल सीटच्या एका केसमध्ये तत्त्व स्पष्ट केलंय की नियम मोडला एवढ्याने सहभागी निष्काळजीपणा (म्हणजे अपघातात तुमचीही चूक) ठरत नाही, त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवावा लागतो. डोक्याचं हेल्मेट नडगीला काय वाचवणार होतं? (तरी भावाला घालायला सांगा. पुढच्या वेळी पायच असेल असं नाही.)

मुदत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने दावा टाकायला सहा महिन्यांची मुदत आली, १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्या मुदतीलाच आव्हान दिलेलं आहे आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश दिलाय की मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका, पण त्याच्या भरवशावर बसू नका, सहा महिन्यांच्या आत टाका.

कुठे टाकायचा? अपघात साताऱ्यात झाला म्हणून साताऱ्याला हेलपाटे मारायची गरज नाही. दावा करणारा जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही टाकता येतो, म्हणजे पुण्यात.

आता रकमेचं. इथेच ६० हजारवाल्याचा हिशोब उघडा पडतो म्हणून आकडे घालतो. समजा भावाचं महिना १८ हजार उत्पन्न कोर्टाने धरलं. स्वतःचा धंदा आणि चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे (२०१७ चा प्रणय सेठी निकाल), झाले २५,२००. वर्षाचे ३ लाख २ हजार ४००. वय २९ म्हणून गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्याने गुणायचं तो आकडा, १७ (२००९ चा सरला वर्मा), झाले ५१ लाख ४० हजार ८००. आता कमाईची क्षमता समजा २० टक्के गेली असं ठरलं तर याचे २० टक्के, म्हणजे १० लाख २८ हजार. आणि हे फक्त भविष्यातल्या कमाईचं. दवाखाना, सहा महिने बुडालेली कमाई, घरी सांभाळणाऱ्याचा खर्च, जाणं-येणं, खाणंपिणं, पुढे रॉड काढायच्या ऑपरेशनचा खर्च (डॉक्टरांकडून अंदाजपत्रक लिहून घ्या), वेदना आणि आयुष्यातला आनंद गेला त्याचे, हे सगळं वेगळं. एवढं मिळेलच असं म्हणत नाही हो, हाड नीट जुळलं आणि पाय पूर्ण सुधारला तर ते २० टक्के शून्य पण होऊ शकतात, आणि तसं झालं तर उत्तमच. पण गणित कसं असतं ते कळावं.

आणि या २० टक्क्यांचीच खरी लढाई असते. सर्टिफिकेटवर पायाचं ३५ टक्के लिहिलेलं असतं, पण ते त्या पायाचं, पूर्ण शरीराचं धरलं तर कमी होतं, आणि कामाच्या दृष्टीने धरलं तर जास्त पण होऊ शकतं. २०१० च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सुप्रीम कोर्टाने फार छान समजावलंय, डावा हात गेला तर सरकारी क्लार्कची नोकरी कदाचित जाणार नाही, पण ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्णच जाते. तुमच्या भावाचं तेच. टेबलावर बसून काम करणाऱ्याला गुडघा-घोटा थोडा कमी वाकला तर चालून जातं, पण दुसऱ्या मजल्याच्या डक्टमध्ये पाय ठेवून पन्नास किलोचं आउटडोअर युनिट बसवणाऱ्याला नाही. हे कोर्टाला आपोआप कळत नाही. भावाचे कामावरचे फोटो, व्हिडिओ, शिडीवर चढलेले, असतील ते सगळे जपून ठेवा.

उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून रडू नका. यूपीआयचे व्यवहार, बँक पासबुक, गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप मेसेज, स्पेअर पार्टच्या दुकानाची बिलं, दोन-तीन नेहमीचे गिऱ्हाईक साक्षीला. काहीच नसलं तरी कोर्ट किमान वेतनाच्या अंदाजाने धरतंच, शून्य कधीच धरत नाही. मात्र आता घाईघाईने तीन वर्षांची रिटर्न्स भरायला जाऊ नका, अपघातानंतरच्या तारखेची रिटर्न्स बघून सगळ्यांना हसू येतं.

---

क्लेम_टेबल

मी जनरल इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टी क्लेम बघायचो, आता सोडलं, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

ताई आधी टेम्पोचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. पॉलिसी कुठल्या कंपनीची आहे आणि अपघाताच्या दिवशी चालू होती का ते दिसतं. स्क्रीनशॉट काढून ठेवा. मालक एवढ्या घाईने रोख घेऊन फिरतोय म्हणजे मला पहिला संशय हाच की पॉलिसी संपलेली असणार किंवा ड्रायव्हरचं लायसन्स गडबड आहे. पॉलिसी नसेल तर सगळी जबाबदारी मालकाच्या डोक्यावर, मग वसुली अवघड, हे खरं आहे, वकीलसाहेबांनी तो भाग लिहिला नाही.

लायसन्स गडबड असेल तर मात्र तुमचं नुकसान होऊ नये अशी पद्धत आहे, कंपनीने आधी तुम्हाला द्यायचं आणि नंतर मालकाकडून वसूल करायचं. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून हे चालू आहे. आणि आमच्याकडे पूर्वी एक लाडका बचाव होता की ड्रायव्हरकडे साधं हलक्या गाडीचं लायसन्स आहे, ट्रान्सपोर्टचं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने तो पण काढून घेतला, ७,५०० किलोच्या आतल्या गाडीला तेच लायसन्स चालतं. छोटा टेम्पो त्यातच बसतो.

मेडिक्लेमचे पैसे मिळाले ते कापले जातील का हे तुम्ही विचारलं नाही पण कंपनी नक्की म्हणेल की कापा. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने निकाल दिलाय, मेडिक्लेम तुम्ही स्वतः हप्ता भरून घेतलेला आहे, तो नुकसानभरपाईतून वजा होत नाही. म्हणजे पूर्ण २ लाख ३५ हजार मागा. फक्त ओरिजिनल बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे गेली असतील तर त्यांच्याकडून शिक्का मारलेल्या प्रती आणि किती मंजूर केलं त्याचं पत्र मागून घ्या.

आणि भावाच्या स्वतःच्या बाइकच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असेल तर त्याच्या मागे लागू नका, तो मृत्यू किंवा हात-पाय-डोळा जाण्यासाठी असतो, फ्रॅक्चरला काही मिळत नाही. लोक उगाच चकरा मारतात.

आतेभावाचा वेगळा क्लेम होतो. सहा टाक्यांचे फार नाहीत मिळणार पण दाखल करा, कारण त्याचा दावा असला की "दोघं जण टेम्पोने उडवलेत" हे चित्र कोर्टासमोर पक्कं होतं.

---

गप्प_बसा_राव

बरं बाबा हरलो. पण मला एक सांगा वकीलसाहेब, सहा महिने घरात बसलेला माणूस, बायको बाळंतपणाला आलेली, तो तुमचे दहा लाख येईपर्यंत खाणार काय? हे गणित कोण मांडणार? ६० हजार आज हातात आहेत.

---

नुसता_वकील

हा प्रश्न बरोबर आहे आणि याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पूर्वी कलम १४० होतं, चूक कुणाची न बघता लवकर ठरावीक रक्कम हातात यायची आणि मुख्य दावा चालू राहायचा. ते २०१९ च्या दुरुस्तीत गेलं. आता १६४ आहे, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक सिद्ध करावी लागत नाही. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा, म्हणजे चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचा मोठा दावा संपतो. म्हणजे भुकेल्याला सांगायचं की हा वडापाव खा पण मग जेवण नाही. तरीही बघा, अगदीच मिटवायचं असलं तरी किमान आकडा अडीच लाख आहे आणि तोही कंपनीकडून, मग ६० हजारावर सही कशाला करायची?

शिवाय नवीन पद्धतीत पोलिसांचा सविस्तर रिपोर्ट गेला की कंपनीने स्वतःहून ऑफर द्यायची असते. पुराव्याची फाइल नीट असेल तर वर्ष-दीड वर्षात तडजोडीने पैसे आलेले मी पाहिलेत. फाइल ढिली असेल तर मग तुमच्या चुलत्यांसारखं.

आणि वकिलाने निम्मे नेले ते बेकायदा आहे. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. दवाखान्याच्या बाहेर फिरणारे जे एजंट "सगळा खर्च आमचा, निम्मे तुमचे" म्हणतात त्यांना दारात उभं करू नका. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर कोर्टातच आहे, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर फुकट वकील मिळतो, १५१०० ला फोन करून विचारता येतं.

---

ठाणेकर_बुलेट

धाग्याला फाटा फोडतोय, माफ करा. समोर गाडीच नसेल तर? माझा मित्र खड्ड्यात जाऊन पडला, कॉलरबोन गेली. कुणावर दावा टाकायचा, खड्ड्यावर?

---

नुसता_वकील

हो, खड्ड्यावरच 😀 मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिलाय, खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख, आणि ते महापालिका किंवा ज्याचा रस्ता असेल त्याने द्यायचे. त्यासाठी समिती असते, महापालिका हद्दीत आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिच्यावर असतात, अर्ज तिथे करायचा. मित्राला म्हणावं खड्ड्याचा फोटो काढला नसेल तर बुजवायच्या आधी पळ. बुजवतात ते नेमकं अर्ज आल्यावर.

---

ठाणेकर_बुलेट

अपघात झाल्यावर चार महिन्यांत नाही बुजवला, उद्या बुजवतील म्हणता. निघालो.

---

मेघना_हडपसर

सगळ्यांचे आभार, काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं सगळं. "हे पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत" याच्यावर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले मग सफरचंदं परत द्यायला नकोत ना. संपली म्हटलं ती.

अपडेट देते. ॲपवर टेम्पोचा नंबर टाकला, पॉलिसी चालू आहे! अपघातानंतर पाच महिन्यांनी संपतेय. म्हणजे @क्लेम_टेबल तुमचा संशय निदान अर्धा तरी खोटा निघाला, लायसन्सचं माहीत नाही. मालकाला फोन करून नीट सांगितलं की दादा आम्ही तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही पण केस होणार, कंपनी बघून घेईल. तो आधी चिडला, नंतर म्हणाला टेम्पो किती दिवस अडकेल तेवढं सांगा. ते मला तरी काय माहीत.

एसपी ऑफिसला रजिस्टर पोस्ट केलंय सोमवारी. ज्या माणसाने दवाखान्यात नेलं त्याचा पत्ता नव्हता, पण आतेभावाला आठवलं की त्याने स्वतःच्या फोनवरून माझ्या आत्याला फोन लावून दिला होता, आत्याच्या फोनमध्ये अनोळखी नंबर म्हणून अजून होता तो. लावला तर लगेच ओळखलं त्यांनी, पहिलं विचारलं पोरगा चालतो का. जबाब द्यायला तयार आहेत, म्हणाले मी बाइकवरून पडलाय असं बोललो ते खरं, टेम्पोचं सांगायचं राहिलं, माझ्या हाताला रक्त होतं हो, काय बोललो आठवत पण नाही.

बाइक मात्र गावच्या मेकॅनिककडे आहे, त्याने पुढचा फोर्क काढून ठेवलाय. हे नडेल का?

---

रॉडवाला_सोलापूर

काढलाय ना, फेकला नाही ना? तो फोर्क आणि चाक तसंच पोत्यात बांधून ठेवायला सांगा, मेकॅनिककडून लिहून घ्या की गाडी कधी आणि कशा अवस्थेत आली. आणि आजच फोन करा त्याला, हे लोक भंगारवाला आला की देऊन टाकतात.

---

मेघना_हडपसर

केला फोन. चाक दिलंय त्याने भंगारात, फोर्क आहे. आतेभाऊ आत्ताच निघालाय आणायला, बसने पाठवलंय त्याला.